आठ तारखेची गाडी

"आठ तारखेला?" मी विचारलं. "नक्की आठच ना?"

रेकॉर्ड रूममधल्या क्लार्कनं मान वर केली नाही. "लिहिलंय तेच, काका. आठ ऑगस्ट."

मी फाईल पुन्हा माझ्याकडे ओढली. त्या पानावर वेळेच्या तीन नोंदी होत्या. पेशींची पिशवी पुण्याच्या लॅबमधून निघाली सकाळी पाच चाळीसला. मिरजेत आमच्या हॉस्पिटलला पोचली दहा पन्नासला. रुग्णाच्या पाठीच्या मणक्यात सोडली साडेअकराला. खाली डॉ. शिरगुप्पे यांची सही. पुणे ते मिरज पाच तास दहा मिनिटं, अगदी बरोबर. दुसऱ्या कुणाची नजर तिथं थांबली नसती. माझी थांबली.

मी डॉक्टर नाही. एसटीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा सांगली-मिरज स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्तीनंतर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर माझं नाव लागलं. नवीन उपचाराची माणसांवर चाचणी करायची असेल तर आधी या समितीची परवानगी लागते. समितीत डॉक्टर असतात, वकील असतात, आणि ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही असा एक साधा माणूस असावा असा नियम आहे. तो साधा माणूस म्हणजे मी, विश्वंभर कोळेकर. माझं काम एवढंच की मराठी संमतीपत्र वाचायचं आणि ते गावाकडच्या माणसाला समजेल का ते सांगायचं.

ही चाचणी मूळ पेशींची होती. कण्याला मार लागून पाय गेलेल्या माणसांच्या पाठीत, पुण्याच्या एका लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी सोडायच्या आणि पायांत जीव येतो का ते बघायचं. पेशी नाजूक असतात. थंड खोक्यात ठेवूनसुद्धा निघाल्यापासून बारा तासांच्या आत दिल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर पिशवी फेकून द्यायची, असं चाचणीच्या नियमांत लिहिलेलं होतं.

चौथा रुग्ण शिवगोंडा मगदूम. वय चौतीस, वारणेकाठच्या एका गावातला वायरमन. खांबावरून पडला आणि दोन वर्षं अंथरुणात होता. पेशी दिल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला हॉस्पिटलमधून सोडलं. अकराव्या दिवशी ताप, एकोणिसाव्या दिवशी मृत्यू. हा मृत्यू चाचणीमुळे झाला की दुसऱ्या कशामुळे, हे समितीला ठरवायचं होतं. चाचणीचे प्रमुख डॉ. शिरगुप्पे यांचा अहवाल म्हणत होता: पुरानंतरचं दूषित पाणी. चाचणीशी संबंध नाही.

हो, पुराचंच वर्ष होतं ते. आणि नजर थांबली ती त्यामुळेच. आठ ऑगस्टला सकाळी पाच चाळीसला पुण्यातून निघालेली कुठलीच गाडी दहा पन्नासला मिरजेत पोचणं शक्य नव्हतं. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पुराच्या त्या आठवड्यात आगारप्रमुखांनी फोन करून मला बोलावून घेतलं होतं. "तात्या, तुम्ही बसा खिडकीत, लोकांना कुठला रस्ता चालू, कुठला बंद ते सांगा. आमच्या पोरांना सुचेनासं झालंय." मी सहा दिवस मिरज स्टँडवर बसलो होतो. प्रत्येक रस्त्याची खबर तारीख-वेळेसह वहीत लिहीत होतो. इस्लामपूरचा रस्ता पाच तारखेच्या संध्याकाळी बंद झाला तो अकराच्या सकाळी उघडला. तासगावचा सहा तारखेला गेला. आठला मिरजेत यायचं तर फक्त पंढरपूरकडून, आणि त्या वाटेनं पुण्याहून अकरा-बारा तास लागत होते.

मग ही पिशवी आली कशी? आणि कधीची आली?

मी फाईल मिटायच्या आधी आणखी एक पान बघितलं. मयताच्या पत्नीचा जबाब. चाचणीच्या कर्मचाऱ्यानं लिहून घेतलेला, खाली 'राजमती मगदूम' अशी शाळकरी अक्षरातली सही. पूर आला म्हणून ते लोक गावी जाऊ शकले नव्हते. एका शाळेतल्या छावणीत राहिले होते. जबाबात शेवटची दोन वाक्यं होती. 'छावणीत मी त्यांना टँकरचे पाणी दिले. गाळून दिले होते.'

क्लार्क म्हणाला, "काका, एवढं काय वाचताय? सगळ्यांनी सह्या करून टाकल्यात."

"बघतोय नुसतं," मी म्हणालो.

घरी येऊन वही काढली, तारखा ताडून बघितल्या. चूक माझी असावी असं फार वाटत होतं. नव्हती.

भीती कशाची, ते सांगायला हवं. शिरगुप्पे डॉक्टरांनी माझ्या बायकोचा जीव वाचवला होता. पाच वर्षांपूर्वी इंदूच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. डोकं उघडून सहा तास ऑपरेशन चाललं. बाहेर येऊन डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, "कोळेकर, वहिनी घरी येतील." ती आली. अजून दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडे तपासणी असायची, फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू होत्या. समितीवर माझं नाव सुचवलं तेही त्यांनीच. मिरजेत त्यांच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. इंदूला पुन्हा काही झालं तर मी कुणाच्या दारात उभा राहणार होतो?

दोन दिवसांनी तपासणीचीच तारीख होती. मी टाळायला बघत होतो, पण इंदूच्या गोळ्या संपत आल्या होत्या.

डॉक्टरांनी नेहमीसारखंच बघितलं. डोळ्यांत बॅटरी टाकली, हात घट्ट दाबायला सांगितला, गुडघ्यावर हातोडी मारली. "वहिनी, उत्तम. गोळी अजिबात चुकवायची नाही." मग मला म्हणाले, "कोळेकर, दोन मिनिटं."

इंदू बाहेर जाऊन बसली. दार लागलं.

"तुम्ही मगदूमची फाईल दोनदा मागवलीत म्हणे."

"हो."

"कशासाठी?"

वीस-वीस गाड्यांच्या चालकांशी भांडलेला माणूस मी. पण त्या खुर्चीत बसून मी खोटं बोललो.

"असंच. मीटिंग आहे ना गुरुवारी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. थकलेले दिसत होते. "तो पोरगा दोन वर्षं पाठीवर पडून होता. पाठीला हाताएवढी जखम. त्याची आई मला म्हणाली, डॉक्टर, एकदा बसता आलं तरी पुरे. मी त्याच्यासाठी काय केलं ते मला माहीत आहे. नंतर छावणीतलं पाणी प्यायला तो. बायकोनंच सांगितलंय." त्यांनी पेन उचललं, ठेवलं. "अजून सहा जण रांगेत आहेत. नीलोफर बारगीर माहिती आहे ना? शुक्रवारी तिला पेशी द्यायच्या आहेत. ट्रायल अडकली तर वर्षभर काही होत नाही. एवढं लक्षात ठेवा."

"हो डॉक्टर," मी म्हणालो. आणि मला स्वतःची लाज वाटली.

बाहेर व्हरांड्यात ती नीलोफरच होती. बावीस-तेवीस वर्षांची, बीएस्सीला होती, स्कूटी घसरून कंबरेखालचं सगळं गेलेलं. तिची आई खुर्ची ढकलत होती. पूर्वी एकदा संमतीपत्राची मराठी तिला समजते का ते मी तपासलं होतं, म्हणून ओळखत होती.

"काका! शुक्रवारी माझा नंबर. अम्मीनं दोन रोजे ठेवलेत." ती हसली. "तुम्हीच तर पास केलंय ना सगळं. काय भिऊ नको ना?"

मी मान हलवली आणि इंदूला घेऊन बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर इंदू म्हणाली, "अहो, घाम केवढा आलाय तुम्हाला."

घरी मी तिला सगळं सांगितलं. समितीतलं बाहेर बोलायचं नसतं, तशी लेखी शपथ घेतलेली असते. तरी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली नाही.

"तुम्हाला वाटतं, पिशवी आदल्या दिवशीची होती?"

"वाटतं. पण मला डॉक्टरकीतलं काय कळतं? कदाचित एका दिवसानं काही बिघडत नसेल. आणि इंदू, उद्या तुला काही झालं..."

"मला झालं तर झालं," ती म्हणाली. पोळी तव्यावर टाकून ती माझ्याकडे वळली. "मी वेगळाच विचार करतेय. माझं डोकं उघडलं होतं तेव्हा त्यांनी काय काय लिहिलं असेल? ते तरी खरं असेल ना?"

तिनं ते सहज विचारलं. पण ती आपसूक डोक्यावरच्या व्रणाला हात लावत होती, आणि मी पाहिलं, तिचा हात पिठानं भरलेला होता. आता ती भीती दोघांची झाली.

गुरुवारी अकरा वाजता मीटिंग. अध्यक्ष होते डॉ. रेगे, बाहेरच्या कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक, मृदू बोलणारे. कागदपत्रं सांभाळणाऱ्या सचिव डॉ. उज्ज्वला तेरदाळे. बाकी पाच जण, त्यांत एक वकीलबाई. सुरुवातीला तेरदाळे मॅडम नेहमीप्रमाणे विचारतात, आजच्या विषयात कुणाचा वैयक्तिक संबंध आहे का? नेहमी सगळे "नाही" म्हणतात, मीही.

"माझा आहे," मी म्हणालो. सगळे बघायला लागले. "माझी बायको शिरगुप्पे डॉक्टरांची पेशंट आहे. त्यांनी तिला वाचवलंय. मला मत देऊ देणार नसाल तर देऊ नका. पण एक प्रश्न विचारायचाय, तेवढा विचारू द्या."

रेगे सर म्हणाले, "विचारा ना."

"डॉक्टरांना आत बोलवा. मला त्यांनाच विचारायचंय."

ते येईपर्यंतची चार-पाच मिनिटं मला जन्मभर पुरली. मांडीवर वही होती. तिच्यावर हात ठेवून बसलो होतो. वाटत होतं, अजूनही उठून लघवीला जावं आणि परत येऊच नये.

डॉक्टर आले, बसले. मी कागदाकडे बघतच विचारलं, "आठ तारखेला पेशींची गाडी कुठल्या रस्त्यानं आली?"

"रस्त्यानं?" ते हसले. "नेहमीच्याच. कराड, इस्लामपूर."

"तो रस्ता बंद होता."

मी वही उघडून पुढे सरकवली. "पाच तारखेच्या संध्याकाळी सहा दहाला बंद झाला. अकराला सकाळी आठला उघडला. मी स्वतः स्टँडवर बसलो होतो. पंढरपूरकडून आली असेल तर अकरा तास लागतात. मग पाच चाळीसला निघालेली गाडी दहा पन्नासला पोचली कशी?"

"कोळेकर, मी रस्ते मोजत नव्हतो. माझ्यापुढं पेशंट होता."

वकीलबाईंनी वही ओढून घेतली आणि वाचू लागल्या. तेरदाळे मॅडमनी कुणाला न विचारता फोन उचलला, लॅबला लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. तिकडं एक मुलगी होती. मॅडमनी पिशवीचा नंबर सांगितला. कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"हो मॅडम, मिळालं. सात ऑगस्ट, सकाळी पाच चाळीस. ड्रायव्हरनं रस्ता बंद असल्याचा फोनही केला होता आम्हाला. आम्ही कळवलं होतं, पिशवी वापरू नका म्हणून."

मॅडमनी फोन बंद केला. सात तारीख. एकोणतीस तास. एकच आकडा बदलला होता.

डॉक्टरांनी फोनकडे बघितलं. मग सावकाश म्हणाले, "खोक्यात बर्फ शिल्लक होता. मी हात घालून बघितला होता. थंड होतं." त्यांनी रेगे सरांकडे बघितलं. "तो पोरगा सहा तारखेपासून भरती होता. पाणी चढत होतं, वॉर्ड रिकामे करा म्हणून मागं लागले होते. परत पाठवला असता तर पुढची पिशवी तीन महिन्यांनी. त्या जखमेनं तोवर तो जगला नसता. मला तसं वाटलं."

"तसं वाटलं ते लिहायचं होतं, डॉक्टर," रेगे सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मृदू होता आणि त्यामुळे जास्तच भीती वाटली.

डॉक्टर उठले. दाराशी गेल्यावर माझ्याकडे वळले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, इंदूचं नाव घेतील. त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

चाचणी त्याच दिवशी थांबली. वरच्या कार्यालयाला कळवलं गेलं. चौकशी बसली. चाचणीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पिशवीतला थोडा भाग फ्रिजमध्ये राखून ठेवायचा असतो. तो तपासला. त्यातले जंतू आणि तापात शिवगोंडाच्या मणक्यातून तपासायला काढलेल्या पाण्यातले जंतू एकच निघाले. आधीचे तिघे रुग्ण परत बोलावून तपासले, ते सुखरूप होते. शिरगुप्पे डॉक्टरांना चाचण्यांतून काढलं. ऑपरेशनं ते करत राहिले. इंदूला मी सांगलीत दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊ लागलो. पहिल्या दिवशी नव्या डॉक्टरनं जुने कागद मागितले तेव्हा मी आणि इंदूनं एकमेकांकडे बघितलं नाही.

नीलोफरची आई मला एकदा भाजी बाजारात भेटली. म्हणाली, "भाईसाब, तुमच्या एका प्रश्नानं माझ्या पोरीची उमेद गेली." मी पिशवी हातात धरून उभा राहिलो.

राहिलं होतं ते मगदूमांचं घर. चौकशीचा निष्कर्ष ऑक्टोबरात आला. कुटुंबाला हॉस्पिटलकडून पत्र जायचं होतं. मी तेरदाळे मॅडमना विचारलं, गेलं का? वकिलांकडे आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं. अजून तिथंच. दिवाळी गेली. रेगे सरांना फोन केला तर म्हणाले, "कोळेकर, प्रक्रिया चालू आहे. तुम्ही आपल्या बाजूनं काही बोलू नका, आणि लिहून तर मुळीच काही देऊ नका. कायद्याचं प्रकरण आहे, तुमच्यावर येईल."

मला त्या जबाबातलं शेवटचं वाक्य विसरता येत नव्हतं. गाळून दिले होते. विचारलं नसताना तिनं ते का सांगितलं असेल?

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी सातच्या गाडीनं निघालो. इंदूला सांगितलं, तिनं फक्त डबा दिला. वाटेत दोनदा वाटलं उतरून परत फिरावं. शपथ मोडत होतो. पोलीस, कोर्ट, पेन्शन, नको नको ते मनात येत होतं.

गाव अजून पुरातून उठलेलं नव्हतं. मगदूमांच्या घराच्या भिंतींचा गिलावा माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत गळून पडला होता. अंगणात दोन कळश्या वेगवेगळ्या ठेवलेल्या. एक मुलगी पायरीवर अभ्यास करत होती. राजमती बाहेर आली. तीस-एकतीसची, हडकुळी. हॉस्पिटलमधून आलोय म्हटल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"अजून काय सही पायजे?"

"सही नको, ताई. सांगायला आलोय. तुमचे मालक पाण्यानं गेले नाहीत."

ती चौकटीला धरून उभी राहिली.

मी सोप्यात सोपं करून सांगितलं. पाठीत जे सोडलं ते शिळं झालेलं होतं. त्यात जंतू होते. तेच जंतू अंगात गेले, त्यानं ताप आला. टँकरच्या पाण्याचा काही संबंध नाही, तपासून सिद्ध झालंय.

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.

"म्हणजे माझ्या पाण्यानं नाही?"

"नाही."

ती आत वळून ओरडली, एवढ्या मोठ्यानं की शेजारची बाई दारात आली. "आत्याबाई! बाहेर या! हे काय म्हणतात ते ऐका!"

म्हातारी सासू आली, भिंतीला धरत. राजमती मला म्हणाली, "यांनी तीन महिने माझ्या हातचं घोटभर घेतलं नाही. कळशी वेगळी, चूल वेगळी. मी पाणी फडक्यानं दुहेरी गाळून दिलं होतं हो. आमच्यात लहानपणापासून गाळल्याशिवाय पाणी पीतच नाहीत. तरी मलापण वाटायला लागलं, कुठंतरी चुकलं असेल माझं. रोज रात्री मी तो तांब्या आठवायची. सांगा यांना. सांगा."

मी म्हातारीला सांगितलं. ती ऐकत होती, पण डोळे माझ्यावर नव्हते, सुनेवर होते.

मग राजमतीनं विचारलं, "ह्याला परवानगी कुणी दिली होती?"

"आमच्या समितीनं. माझीपण सही आहे त्यावर."

"तुम्ही वाचलं होतं?"

हा प्रश्न येणार हे मला गाडीत बसल्यापासून माहीत होतं. खरं तर त्याचीच भीती होती, कोर्टाची नव्हे. "संमतीपत्र शब्द न् शब्द वाचलं होतं. पेशी पुण्याहून गाडीनं येणार, हेपण लिहिलं होतं त्यात. बाकी डॉक्टरकीतलं मला कळत नव्हतं. पण गाडी अडकली तर काय करणार, हे मला कळत होतं. त्या टेबलावर ते एवढंच माझं होतं. आणि मी विचारलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर परवानगी दिली आम्ही. अठ्ठावीस वर्षं रस्ते बघितलेला माणूस मी, आणि मी विचारलं नाही."

ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लिहून द्या," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता बोललात ते. पाण्याचं. तुमच्या सहीनं. उद्या तुम्ही जाल, मग लोक म्हणतील, हिनंच कुणाला तरी पढवून आणलं."

रेगे सरांचे शब्द कानांत होते. मुलीनं वहीचं पान फाडून पुढं केलं. मी पायरीवर बसलो, पान गुडघ्यावर ठेवलं. लिहिलं: 'शिवगोंडा मगदूम यांचा मृत्यू त्यांच्या पत्नीने दिलेल्या पाण्यामुळे झालेला नाही. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पाठीत सोडलेल्या पेशी मुदत संपलेल्या व दूषित होत्या. हे चौकशीत सिद्ध झाले आहे. त्या चाचणीला परवानगी देणाऱ्यांत मी होतो.' खाली नाव, पत्ता, तारीख.

मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. वडिलांच्या नावाशी अडखळली, पुढं गेली. शेजारची बाई ऐकत होती.

"परत वाच," म्हातारी म्हणाली.

मुलीनं परत वाचलं. म्हातारी हळूहळू खाली बसली, भिंतीला पाठ टेकून. पदर तोंडाशी धरला. मी निघायला उठलो.

"बसा," म्हातारी म्हणाली. मग सुनेकडे न बघता, खाली जमिनीकडे बघत म्हणाली, "राजमती, पाव्हण्यास्नी च्या टाक." थोडं थांबली. "मलाबी टाक घोटभर."